हैद्राबादी मोरी

आमच्या स्वैपाकघरात मोरी आली ती मालकांच्या सभ्यपणामुळं, आणि तुंबली तीही त्याच सभ्यपणामुळं. सभ्यपणानं माणसाचं वाटोळं होत नाही म्हणतात. मोरीचं होतं.

मालक म्हणजे माझे. नाव मी घेणार नाही. गल्ली त्यांना काकासाहेब म्हणते, तुम्हीही म्हणा.

त्याआधी अंबडात आमच्या गल्लीत कोणाच्या स्वैपाकघरात मोरी नव्हती आणि कोणाचं अडतही नव्हतं. भांडी मागच्या अंगणातल्या दगडावर घासायची. त्याआधी ताटातलं उरलंसुरलं, कण्यांची खरवड, डाळीचं धोवण, भाजीची देठं असं सगळं एका घमेल्यात जमा करायचं. घमेलं मागच्या दाराशी. ऊन अंगणात उतरलं की शेजारची गोजरबाई बादली घेऊन यायची आणि दाराबाहेरूनच विचारायची, "धोवण हाय का वो वैनी?"

असायचंच. मोठं घर, खाणारी तोंडं पुष्कळ, आणि ताटात टाकणारी त्याहून जास्त.

गोजरबाई धनगराची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एक खोली, खोलीला लागून गोठा, आणि गोठ्यात भुरी नावाची म्हैस. भुरीच्या दुधाताकावर गोजरबाईचं चालायचं आणि गल्लीच्या धोवणावर भुरीचं. चारा गोजरबाई बांधाबांधानं कापून आणायची, पण दुभत्या जनावराचं नुसत्या चाऱ्यावर भागत नाही. धोवणात मूठभर सरकी आणि कोंडा कालवला की त्याचं आंबोण व्हायचं, आणि भुरी ते असं ओढायची की भिंतीअलीकडं आम्हाला ऐकू यायचं. ह्याचा मोबदला कोणी ठरवला नव्हता. म्हैस व्याली की पहिला चीक ज्याचं धोवण जास्त त्याच्या घरी. म्हणून खरवसाची पहिली वाटी आमच्याकडं यायची. एवढाच कायदा होता, आणि तो निजामाच्या कायद्याहून बरा चालायचा.

मग एकदा अपिलाच्या कामानं ह्यांना हैद्राबादला जावं लागलं. उतरले आपल्या वकीलसाहेबांच्या घरी. वकीलसाहेब तिकडचे कायस्थ. घर मोठं आणि पडद्याची चाल. पुरुषांनी बाहेरच्या चौकात बसायचं, जेवायचं, हात धुवायचे. बायका आत. हैद्राबादहून आलेली माणसं चारमिनाराचं सांगतात. हे आले ते मोरीचं सांगत आले.

"जेवणं झाली का नोकरानं समदी ताटं भितीतल्या दगडी कुंडीत खरवडली," अंगरखाही न काढता हे सांगत होते. "शितं, रोटीचे तुकडे, सालन, समदं. वरून दोन लोटे पाणी वतलं. गुडगुड झालं आन् गायब! म्या वाकून बघितलं. बिलकुल साफ. घमेलं न्हाई, बादली न्हाई, माशी न्हाई."

"मंग गेलं कुठं?" आत्याबाईंनी विचारलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, द्वारकाबाई. वाती वळताना त्यांचे हात थांबत नसत, आणि तोंडही.

"भितीत गेलं."

"भित खाती व्हय रे खरकटं?"

"म्या इचारलं की वकीलसाहेबाला. ते म्हणले, 'अंदर जाता.'"

"अंदर म्हंजी कुठं?"

"आता माय, अंदर म्हणल्यावर फुडं काय इचारावं? अंदर म्हंजी जनाना. दुसऱ्याच्या अंदरचं भल्या माणसानं इचारायचं असतं का?"

हाच तो सभ्यपणा. भिंतीपलीकडं काय आहे ते न विचारता ह्यांनी भिंतीअलीकडचं सगळं पाठ करून आणलं होतं. कुंडी केवढी, भोक केवढं, जमिनीपासून किती वर. हातानं हवेत माप काढून दाखवत होते. आत्याबाई म्हणाल्या, "खरकटं दिसंनासं झालं म्हंजी गेलं असं न्हाई, लेका." पण तोवर ह्यांनी रखमाजी गवंड्याला सांगावा धाडला होता.

जालन्याच्या ठेसनावर शहाबादी फरशी उतरली, तिथून बैलगाडीनं अंबडला आली. रखमाजीनं स्वैपाकघराच्या कोपऱ्यात कुंडी बसवली, फरशांमधल्या फटींत चुना भरला, खापराचे नळ एकात एक घालून मांडले आणि मग टोपी मागं सारून विचारलं,

"मालक, नळाचं दुसरं तोंड कुठं काढू?"

"काढ गल्लीच्या नालीत."

"लांब पडतंय. ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्याला जायचं, मंग वळसा. आन् भोकाला जाळी?"

"हैद्राबादला जाळी न्हवती."

"मंग खरकटं बी नळातनंच?"

"हैद्राबादला जातंय."

रखमाजीनं माझ्याकडं पाहिलं. मी पदर पुढं ओढला. आम्हा दोघांनीही हैद्राबाद पाहिलं नव्हतं.

मोरी सुरू करायच्या दिवशी नारळ फोडला. सुरू करायला खरकटं लागतं, म्हणून ह्यांनी ताटात कण्या उरवल्या. लग्नानंतर मी हे पहिल्यांदाच पाहिलं. कण्या कुंडीत सारल्या, दोन लोटे पाणी ओतलं. गुडगुड झालं, गायब झालं. हे माझ्याकडं असे बघत होते, जसं काही कण्या त्यांनीच गिळल्या. खरं सांगायचं तर मलाही गंमत वाटली. मागच्या दारापर्यंतचं वाकणं वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी अंगणात ऊन उतरलं. "धोवण हाय का वो वैनी?"

मी बाजूला सरले. गोजरबाईनं उंबऱ्याबाहेरूनच मान लांब करून मोरी पाहिली. पुष्कळ वेळ पाहिली.

"ब्येस झालं," ती म्हणाली. "तुमचा तरास वाचला."

आणि रिकामी बादली पदराआड घेऊन गेली.

नवी गोष्ट एका घरात राहत नाही. आणखी दोन घरांनी मोऱ्या केल्या. उरलेल्या घरांचं धोवण ते केवढं! मी ह्यांच्या नजरेआड एक गाडगं भरून ठेवायची, पण त्यात म्हशीची जीभही भिजत नव्हती. घमेलं पुन्हा दाराशी ठेवते म्हटलं तर हे म्हणायचे, "मोरी असून घमेलं? लोक काय म्हणतील?" हळूहळू भिंतीपलीकडचा तो ओढण्याचा आवाज बंद झाला. भुरी रात्री हंबरायला लागली आणि सकाळचं दूध तळाशी गेलं.

एकदा गोजरबाई आमच्या मागच्या पायरीवर येऊन बसली. बादली आणली नव्हती.

"बिरूचा सांगावा आलाय," ती म्हणाली. बिरू तिचा धाकटा भाऊ, तिकडं लांब धावड्याला. "म्हणतोय, पोळा झाला का येतो, म्हैस घेऊन चल. तिकडं चारा हाये. तू बी चल."

"चांगलंच आहे की आक्का. सख्खा भाऊ."

"भाऊ गुणाचा हाये. भावजय बी वाईट न्हाई वो. पण तिच्या चुलीपुढं कुठं बसायचं, पाटावर का दारात, ते रोज तिच्या तोंडाकडं बघून ठरवायचं. हितं माझी चूल हाये वैनी. राख काढायची झाली तरी माझी मी काढते."

मी रात्री ह्यांना सांगितलं. हे वाईट माणूस नाहीत. लगेच म्हणाले, "अगं मंग रोज चार भाकरी देत जाऊ तिला."

"ती घेईल?"

ह्यांनी कूस बदलली. घेणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. धोवण दिलं तर ते म्हशीचं असतं. भाकर दिली तर ती गोजरबाईची होते. इतकी वर्षं ती आमच्या दारात बादली घेऊन आली, पण ताट घेऊन कधी आली नव्हती.

इकडं मोरीचं पोट दुखायला लागलं. एके सकाळी दोन लोटे ओतले तर गुडगुड न होता नुसतं "ब्लुप" झालं आणि पाणी माझ्याकडं बघत कुंडीतच बसलं. रखमाजी आला. त्यानं वेळूची कामटी घातली, फिरवली, ओढली. आतून अंबाडीच्या देठांचा बोळा निघाला, भाकरीचा लगदा, नारळाची शेंडी, राखेचा गोळा, आणि आत्याबाईंची पितळी चमची, जिच्यापायी मी दोनदा बोलणी खाल्ली होती. चमची धुऊन मी त्यांच्यासमोर ठेवली. त्या म्हणाल्या, "बघ, मी म्हणलं न्हवतं का घरातच हाये!"

पुन्हा तुंबली. आता हे म्हणाले, "नळ बारीक हाये. मोठा टाक." रखमाजीनं जमीन उकरली, बारीक नळ काढले, जाडे घातले, पुन्हा चुना. जाड्या नळातनं खरकटं बरं जायला लागलं. पण त्याच नळातनं एक दिवस नालीतली घूस वर आली. मी चुलीपुढं, घूस कुंडीत. दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. मी ओरडले की ती ओरडली ते अजून कळलेलं नाही. आत्याबाई मुसळ घेऊन आल्या तोवर ती आली तशी गेली होती, जाताना कुंडीतली अर्धी भाकर घेऊन.

"एवढं खरकटं तरी मार्गी लागलं," आत्याबाई म्हणाल्या. "आता घूसच पाळ लेका."

ह्यांनी भोकावर दगड ठेवला. दगड ठेवल्यावर घूस येईना, आणि पाणी जाईना.

अशात वकीलसाहेबांचा निरोप आला. अंबडच्या कचेरीत काम आहे, येतो. सोबत घरचेही येतील, मत्स्योदरीचं दर्शन घ्यायचं आहे. ह्यांना आनंद झाला आणि घामही फुटला. हैद्राबादची मोरी बघायला खुद्द हैद्राबाद येणार, आणि मोरी गळ्यापर्यंत भरलेली!

रखमाजीनं आदल्या दिवशी कामटी घातली. नेमकी कामटीच आत मोडून बसली.

वकीलसाहेब ओसरीवर बसले. वकिलीणबाई पडदा लावलेल्या छकड्यातून मागच्या दारी उतरल्या आणि आत आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, हसऱ्या. आत आल्यावर डोईवरची चादर अशी काढून टाकली, जसं काही इथंच नांदल्यात. मी मोरीवर पाट टाकून त्यावर परात ठेवली होती. त्या बसायला जागा शोधत नेमक्या तिथंच गेल्या, परात उचलली, पाट उचलला. खाली अंबाडीची पानं तरंगत होती.

"ये क्या है बाई?"

"मोरी," मी म्हटलं. जीव गोळा करून पुढं म्हटलं, "तुमच्यासारखी."

"हमारे जैसी?" त्यांनी वाकून पाहिलं, मग भिंतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "अजी, हमारे पास तो दिवाल के उधर भैंस बंधी है. कुंडी का पानी सीदा उसकी नांद में गिरता. तुम्हारी भैंस किधर है?"

मग आत्याबाईंच्या हातातली पळी खाली पडली. त्या चुलीला टेकून खालीच बसल्या आणि तोंडाला पदर लावून अशा हसायला लागल्या की डोळ्यांतून पाणी.

"अगं माय! भित खाती व्हय म्हणलं होतं ना म्या! भित न्हाई, म्हैस! म्हैस खाती!"

वकिलीणबाईंना काय झालं ते कळेना. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, की मालकांनी इधरचं बघितलं, उधरचं इचारलं न्हाई, तुमचा जनाना म्हणून. तेव्हा त्याही बसल्या. तीन बायका तुंबलेल्या मोरीभोवती हसतायत, आणि बाहेरून हे विचारतायत, "काय झालं? पाणी पाहिजे का?"

हसणं ओसरल्यावर वकिलीणबाईंनी रीतसर शिकवलं. कुंडीला भोकं दोन पाहिजेत. एक म्हशीकडं, एक बाहेर. आधी खरकटं आणि धोवण म्हशीकडं सोडायचं. मग त्या भोकात चिंधीचा बोळा कोंबायचा, आणि भांडी घासल्यावरचं राखेचं पाणी बाहेरच्या भोकानं. राख गेली तर भैंस तोंड लावत नाही, उपाशी राहील पण लावणार नाही, असाच आपल्या सासूचाही स्वभाव होता म्हणाल्या.

त्या बोलत होत्या आणि मी भिंतीकडं बघत होते. आमच्या स्वैपाकघराची ती भिंत. तिच्या पलीकडं कोण होतं ते मला विचारायची गरज नव्हती. रोज रात्री हंबरत होती.

आता ह्यांना सांगायचं कसं? वकीलसाहेबांसमोर मोरी चुकली म्हणून सांगितलं तर हे जन्मभर मोरीत तोंड धुणार नाहीत. ते काम आत्याबाईंनी केलं. दाराआडून म्हणाल्या, "लेका, वकिलीणबाई म्हणून राह्यल्या, मोरी एकदम बराबर झाली. आता फकस्त भितीपल्याडचं ऱ्हायलंय. म्हशीचं."

बाहेरून ह्यांचा आवाज आला, चांगला खणखणीत. "ते तर हायेच की! तेच काम चालू हाये. रखमाजीला उद्याचंच सांगितलंय."

"बहुत खूब," वकीलसाहेब म्हणाले.

पाहुणे गेल्यावर हे आत आले आणि भिंतीवर हात ठेवून उभे राहिले. मी पाठमोरी होऊन भाकरी थापत राहिले. त्यांना तेवढा वेळ द्यायला हवा होता.

"पलीकडं गोजरबाईचा गोठा ना?"

"हो."

"मंग जल्दी करायला पाहिजे. पोळा जवळ आलाय."

म्हणजे पोळा त्यांच्याही ध्यानात होता.

गोजरबाईला विचारायला आत्याबाई स्वतः गेल्या, मी मागं. गोजरबाईनं सगळं ऐकून घेतलं. भुरीच्या बरगड्या दिसत होत्या, तरी गोजरबाई लगेच हो म्हणाली नाही. तिनं आत्याबाईंच्या तोंडाकडं पाहिलं, जसं कोणी नाणं दगडावर वाजवून पाहतं.

"जिजी, माझ्यासाठी भित फोडून राह्यले का?"

"तुझ्यासाठी कशाला फोडीन? माझी मोरी तुंबली म्हणून फोडून राह्यले. स्वैपाकघरात घुशी नाचून राह्यल्या. तुझी म्हैस नसली तर मला दुसरी इकत आणून बांधावी लागंल, आन् तिचं श्याण काढायला ही सून तयार न्हाई."

मी मान हलवली. खरंच तयार नव्हते.

"आन् चिकाचं?" गोजरबाईनं विचारलं.

"पहिली वाटी आमची. ती सोडणार न्हाई मी. आधीच सांगून ठेवते."

तेव्हा कुठं गोजरबाई हसली. "मंग फोडा," म्हणाली. "पण माझ्या बाजूचं लिंपण मी करणार."

रखमाजीनं पहार घातली. नळ केवढा, तर हातभर! कुंडीतून निघाला की भिंतीतून थेट खाली, भुरीच्या दगडी डोणीत. वळसा नाही, कोपरा नाही, तुंबायला जागाच नाही. जुन्या नळातली मोडकी कामटी काढून तो त्यानं राखेच्या पाण्याला ठेवला आणि त्याच्या तोंडाला, कोणाला न विचारता, जाळी बसवली. "घूस हैद्राबादची न्हाई ना," म्हणाला.

पहिल्या दिवशी मी डाळीचं धोवण ओतलं. पलीकडं पाणी पडल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. मग आला, तो ओढण्याचा आवाज. मी कान भोकाला लावला तर आतून गरम श्वास गालाला लागला.

काही दिवसांत भुरीला वेळ कळायला लागली. परातीवर उलथनं वाजलं की ती पलीकडं डोणीत तोंड घालून उभी. उशीर झाला तर भोकातून फुरफुर करून आठवण करून द्यायची. सासू एक होती, आता दोन झाल्या.

पोळा झाला आणि बिरू आला. उंच, खांद्यावर घोंगडी, बोलायला कमी. त्याला गोजरबाईनं सांगितलं, की आता म्हशीचं भागतंय. त्याला ते पटलं नाही. भिंतीतनं म्हशीला जेवू घालतात हे धावड्यात कोणाला पटलं असतं? त्याला वाटलं, आक्का भिडेखातर म्हणतेय. म्हणाला, "आक्का, लोकांच्या भितीचा काय भरोसा? आज भोक हाये, उद्या बुजवतील." आणि त्यानं दावं सोडलं.

भिंतीअलीकडं आम्ही दोघी सगळं ऐकत होतो. दुपारचं जेवण व्हायचं होतं. घरात खरकटं म्हणून नव्हतं. मी उलथनं घेऊन रिकामी परात खरवडायला लागले. पलीकडं खुरांचा आवाज थांबला.

"चल गं," बिरूचा आवाज. "चल. अगं चल!"

मी आणखी जोरानं खरवडलं. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं, म्हणाल्या, "रिकाम्या परातीनं किती वेळ फसवशील मुक्या जनावराला?" आणि चुलीवरचं ताज्या कण्यांचं अख्खं पातेलं उतरवून, त्यात तांब्याभर ताक ओतून, माझ्या हातात दिलं.

"वत."

"आत्याबाई, हे जेवणाचं..."

"वत म्हणते ना."

मी गार पाणी घालून ओतलं. गुडगुड झालं. आणि पलीकडं दावं ताणल्याचा करकर आवाज, बिरूचे पाय घसरल्याचा आवाज, आणि त्या सगळ्यावर भुरीचं ते ओढणं. घाई नाही, गडबड नाही.

"आक्का," बिरू दमून म्हणाला, "ही येत न्हाई."

"मंग ऱ्हाऊ दे तिला."

"आन् तू?"

"म्हैस हितं. मंग मी कुठं येऊ?" गोजरबाई म्हणाली. "बस. हात धू. मी चूल पेटवते. आपल्या चुलीवर भाकर करून घालते तुला."

आम्ही दोघी कुंडीशी तशाच उभ्या होतो. आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि मग धूर झालाय म्हणून माझ्यावर ओरडल्या.

थोड्या वेळानं हे जेवायला आले. पाटावर बसले. ताटात भाकर होती, ठेचा होता, कांदा होता. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं.

"कण्याचा वास येऊन राह्यला होता मघा. कण्या कुठं गेल्या?"

आत्याबाई वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अंदर."

ह्यांनी भिंतीकडं पाहिलं. पलीकडून एक लांब, तृप्त फुरफुर ऐकू आली. मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, आणि पुढं काही विचारलं नाही. सभ्य माणूस.